सांडा म्हणजे घोरपड नव्हे
मुंबईत फुटपाथवर ‘सांड्याचं तेल’ विकणाऱ्यापुढे निपचित पडलेल्या जाड सरड्याला लोक सर्रास घोरपड म्हणतात. घोरपड आपल्या ओळखीची. तानाजीच्या यशवंतीची गोष्ट लहानपणीच ऐकलेली, शिवाय बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही ती आहे. सांडा मात्र महाराष्ट्रातला नाहीच. तो थरच्या वाळवंटातला आणि कच्छचा.

आधी शेपूट बघा. सांड्याच्या शेपटीवर काटेरी खवल्यांची कडी एकामागून एक, पार टोकापर्यंत. घोरपडीची शेपूट लांब, निमुळती, बिनकाट्यांची. सांड्याचं तोंड बसकं, तर घोरपडीच्या लांबट तोंडातून सापासारखी दुभंगलेली जीभ सारखी आतबाहेर होते. खाणंही वेगळं. सांडा मुख्यतः पानं, फुलं, बिया खातो. घोरपडीला अंडी, उंदीर, किडे, सरडे असं काहीही चालतं.

जैसलमेरकडे जाणार असाल तर सांडा वाळूच्या टेकड्यांवर शोधू नका. कडक, सपाट जमिनीवर त्याच्या बिळांची वस्तीच असते. ऊन चढलं की बाहेर येतो तेव्हा काळपट दिसतो, अंग तापलं की फिका पडत मातीसारखा होतो. आत गेला की बिळाचं तोंड मातीने बुजवून घेतो. ऐन थंडीत तो बिळातच झोपलेला असतो, त्यामुळे डिसेंबरची सहल त्याच्यासाठी नको. थरमध्ये वाळवंटी घोरपडही आहे, म्हणून तिथे दिसेल तो सांडाच, असंही धरू नये.

अभ्यासासाठी नमुना घ्यायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. मेलेलं शरीर टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिन या द्रावणाने डीएनए खराब होतो, म्हणून यकृताचा तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतात. मग शरीर दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये आणि शेवटी सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. बरणीत रंग उडून जातो. काट्यांची कडी तेवढी तशीच राहतात. जिवंतपणीचा रंग, जागा, तारीख, वेळ त्याच दिवशी वहीत उतरवलं नाही, तर तो जीव फुकट गेला असं मी मानतो.

फुटपाथवरचा सांडा पळू नये म्हणून त्याचा कणा मोडलेला असतो. तेल म्हणजे त्याची साधी चरबी, औषध नव्हे. घोरपडही सुटलेली नाही: ‘हाताजोडी’ म्हणून विकली जाणारी मुळी पुष्कळदा नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. असं काही दिसलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि शेपटीला काटे आहेत की नाहीत, तेवढं नक्की सांगा.