जन्मतारीख कशाला विचारतोस, भो?

माझ्या मामेभावाचा सावद्याला केळीच्या वेफर्सचा धंदा आहे. दिवाळीनंतर त्याने वेबसाइट काढली आणि मला फोन केला, "भो, ते खाली प्रायव्हसी पॉलिसी म्हणून असतं ना, ते एका साइटवरून उचलून टाकलंय. वाचतं कोण? तरी तू एकदा नजर टाक." टाकली. त्यात लिहिलं होतं की वाद झालाच तर कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दाद मागावी. गिऱ्हाईक भुसावळचं, वेफर्स सावद्याचे आणि कोर्ट कॅलिफोर्नियाचं!

गोपनीयता धोरण म्हणजे वकिली भाषेचा कागद, असं आपण धरून चालतो. खरं तर तो हिशेब असतो. साइट माणसाची कोणती माहिती घेते, कशासाठी घेते, पुढे कोणाला देते, किती दिवस ठेवते. शेजाऱ्याच्या दुकानातला माल आपल्या स्टॉकवहीत कसा चढवणार?

हा हिशेब काढायची सोपी रीत आहे. कॉम्प्युटरवर साइट उघडायची, एफ-१२ दाबायचं, 'नेटवर्क' हा टॅब उघडायचा आणि पान पुन्हा लोड करायचं. मामेभावाच्या पहिल्या पानावर वेफर्सचा एक फोटो, एक व्हिडिओ, दर आणि नकाशासकट दुकानाचा पत्ता, एवढंच होतं. पण पान उघडलं आणि ओळींवर ओळी पडायला लागल्या. अक्षरांचा फॉन्ट एका सर्व्हरवरून, नकाशा दुसऱ्यावरून, व्हिडिओ तिसऱ्यावरून, आणि साइट बनवणाऱ्या पोराने घातलेला एक ट्रॅकिंगचा, म्हणजे बघणाऱ्याचा माग काढणाऱ्या कोडचा, तुकडा थेट जाहिरातवाल्यांकडे. यातल्या प्रत्येक सर्व्हरला बघणाऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा त्याच्या जोडणीचा नंबर, कळतो. कळावाच लागतो, नाहीतर मागितलेली वस्तू परत पाठवायची कुठे? "मी कोणालाच काही देत नाही," असं मामेभाऊ शपथेवर सांगत होता. त्याचं पान देत होतं. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये अशाच प्रकरणात एका साइटवाल्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली. त्याच्या पानावरचा फॉन्ट गूगलच्या सर्व्हरवरून येत होता आणि त्यापायी बघणाऱ्याचा आयपी पत्ता विचारल्याशिवाय तिकडे गेला होता. फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवला की ही भानगड मिटते. अर्ध्या तासाचं काम.

आता त्याचा फॉर्म. नाव, फोन, पत्ता ठीक. वेफर्स पोचवायचे तर ते लागणारच. शिवाय वाढदिवसाच्या कूपनसाठी एक वेगळा फॉर्म होता: जन्मतारीख, स्त्री की पुरुष, पिनकोड. "यात नाव कुठंय? फोन नंबर भरला तर भरला," तो म्हणाला. मला हा मुद्दा सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून जरा आकडेमोड करू.

८० वर्षं, वर्षाचे ३६५ दिवस आणि स्त्री-पुरुष असे दोन प्रकार. गुणाकार ५८,४००. एवढ्या खणांचं कपाट आहे असं समजा. त्यात ५,००० वस्तीच्या गावातला एकेक माणूस आपापल्या जन्मतारखेच्या खणात बसवला, तर १०० पैकी ९२ जणांच्या खणात दुसरं कोणीच सापडत नाही. सगळ्या वयाची माणसं सारखी नसतात, तेव्हा प्रत्यक्षात थोडे कमी पकडू. २०,००० वस्तीचा पिनकोड घेतला तरी ७० च्या आसपास माणसं एकटीच राहतात. म्हणजे नाव न घेताच नाव घेतल्यासारखं झालं. नाव आणि जन्मतारीख असलेली दुसरी एखादी यादी शेजारी ठेवायचा अवकाश. अमेरिकेत संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या जनगणनेवरून हेच दाखवलं होतं: तिथले ८७ टक्के लोक पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर वेगळे ओळखता येण्यासारखे होते.

म्हणूनच आपल्या कायद्याची व्याख्या नावावर अडत नाही. ज्या माहितीवरून, किंवा जिच्या संदर्भाने, माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती. हा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे २०११ चे नियम आहेतच, आणि धोरण साइटवर लावा असं तेही सांगतात.

नव्या कायद्यात संमती मागण्याआधी सूचना द्यायची असते. कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठे करायची. संमती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं हवं. आधीच टिक मारून ठेवलेली चौकट चालणार नाही. कामापुरतीच माहिती मागायची: फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपला तुमच्या संपर्कांची यादी लागत नाही, हे उदाहरण कायद्यातच दिलंय. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती लागते. माहिती जपायला वाजवी बंदोबस्त केला नाही, तर दंड ₹२५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. मामेभावाने हा आकडा दोनदा विचारला.

सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. मराठी त्यात आहे. अहिराणी नाही, याचं मला वाईट वाटलं.

शेवटी त्याचं धोरण दीड पानात बसलं. ट्रॅकिंगचा तुकडा काढला, नकाशाच्या जागी साधी लिंक दिली. कूपनवर मात्र तो अडून बसला. "वाढदिवस कळल्याशिवाय कूपन कसं पाठवू?" मी म्हटलं, फक्त महिना विचार, आणि स्त्री-पुरुष गाळून टाक. २०,००० भागिले १२, म्हणजे एका खणात सोळाशेच्या वर माणसं. पहिल्या तारखेला महिन्यातल्या सगळ्यांना कूपन धाड.

"तेच बरं," तो म्हणाला, "रोज रोज कोण बघत बसेल."