एकादशी, आशुरा आणि न मागितलेले रोजे

६ जुलै २०२५, रविवार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गल्लीत समोरासमोरच्या दोन्ही घरांत उपास होता. आमच्याकडे आषाढी, साबुदाणा रात्रीच भिजत घातलेला. समोरच्या खालांकडे मोहरमची दहावी तारीख, म्हणजे आशुरा. त्यांनी नववीचाही धरला होता, त्यामुळे हा सलग दुसरा रोजा. सवयीने खिचडीची वाटी घेऊन मी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथे आठवलं. खाला हसल्या. "रख दो, मगरिब के बाद खा लूँगी. फर्ज नहीं है, नफल है, पर अब रख लिया तो रख लिया." मगरिब म्हणजे सूर्यास्ताची नमाज, फर्ज म्हणजे सक्तीचा रोजा आणि नफल म्हणजे ऐच्छिक.

आषाढी आणि आशुरा एकाच दिवशी येण्याची ही पहिली वेळ नव्हती. आदल्या वर्षी १७ जुलैलाही तेच झालं होतं. त्याआधी २९ जून २०२३ ला आषाढीच्या दिवशी बकरी ईद होती. याला चमत्कार म्हणणारे पुष्कळ भेटले, पण हे गणित पंचांगाचं आहे. दोन्ही महिने चंद्राचे. आपला शुक्लपक्ष अमावास्या संपताच सुरू होतो, तर त्यांची पहिली तारीख चंद्रकोर दिसल्यावर लागते. म्हणून त्यांची दहावी आपल्या एकादशीच्या आसपास पडते. वर्ष दोघांचंही साधारण ३५४ दिवसांचं. फरक एवढाच की आपण ती तूट अधिक महिना घालून भरून काढतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला, तेव्हा आषाढीची जोडी बकरी ईदचा महिना जिलहिज्ज सोडून पुढच्या मोहरमशी जमली.

अरबांकडेही पूर्वी धोंड्याच्या महिन्यासारखं काहीतरी होतं. त्याला 'नसी' म्हणत. महिने पुढे ढकलायचे, आणि ज्या महिन्यांत लढाई वर्ज्य ते सोयीने सरकवायचे. जिलकद, जिलहिज्ज, मोहरम हे लागोपाठचे तीन आणि एकटा पडलेला रजब, असे हे चार पवित्र महिने. कुराणाने बारा महिन्यांतले चार पवित्र ठरवले आणि नसी सरळ मोडीत काढली. ६३२ साली शेवटच्या हजच्या वेळी पैगंबरांनी या चार महिन्यांची नावं घेऊन ते पुन्हा सांगितलं. तेव्हापासून इस्लामी सण ऋतूंमधून फिरत राहिले आणि सुमारे तेहतीस वर्षांत पूर्ण फेरी होऊ लागली. श्रावणी सोमवार पावसात येणार हे आपल्याला ठाऊक असतं. आशुरा मात्र ग्वाल्हेरच्या जानेवारीतल्या धुक्यातही येतो आणि लू वाहते तेव्हाही. खालांचा त्या दिवशीचा रोजा पंधरा तासांहून मोठा होता.

आता खालांच्या 'फर्ज नहीं है'बद्दल. आशुऱ्याचा रोजा रमजानच्या रोज्यांपेक्षा जुना आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांच्या सांगण्यानुसार इस्लामच्या आधीही मक्केतले कुरैश जमातीचे लोक हा दिवस पाळत. ६२२ मध्ये पैगंबर मदिनेला आले, तिथले यहुदीही या दिवशी उपास करत असलेले त्यांना दिसले. मूसा (मोझेस) आणि त्यांचे लोक इजिप्तच्या फिरऔन राजाच्या तावडीतून सुटले त्याची ती कृतज्ञता. मूसांवर आमचा हक्क तुमच्यापेक्षा जास्त, असं म्हणून पैगंबरांनी स्वतः रोजा धरला आणि इतरांनाही धरायला सांगितलं. हिजरीच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे ६२४ मध्ये, रमजानचे रोजे फर्ज झाले आणि आशुरा मागे सरला: ज्याला हवा त्याने धरावा, नको त्याने सोडावा. तोवर तो सक्तीचा होता की फक्त आग्रहाचा, यावर हनफी आणि शाफई या दोन सुन्नी विचारपंथांच्या पंडितांचं आजही एकमत नाही. मला यात रस वाटतो तो क्रमाचा. एरवी ऐच्छिक गोष्टी हळूहळू सक्तीच्या होतात, आपली निम्मी व्रतं तशीच झाली आहेत. इथे सक्ती (किंवा निदान आग्रह) उठली, आणि लोकांनी रोजा तरीही चौदाशे वर्षं सोडला नाही.

नववीची जोड पुढची. यहुद्यांहून वेगळेपण राहावं म्हणून पुढच्या वर्षी नववीलाही रोजा धरेन, असं पैगंबर म्हणाले होते. ते पुढचं वर्ष त्यांना लाभलं नाही. त्यांची ती इच्छा लोक पाळतात. नववी हुकली तर अकरावी धरतात.

या साऱ्याशी करबलाचा संबंध नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीतच नसतं. पैगंबरांचे नातू इमाम हुसैन इराकमधल्या करबलाला शहीद झाले तेही दहा मोहरमलाच, पण हिजरी ६१ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर ६८० ला. रोज्याची प्रथा त्याच्याही अर्ध्या शतकाआधीची. म्हणून सुन्नी घरांत हा दिवस रोज्याचा, तर शिया घरांत शोकाचा. शिया त्या दिवशी रोज्याची नियत (संकल्प) करत नाहीत. तिसऱ्या प्रहरापर्यंत, असरपर्यंत, अन्नपाणी टाळतात. त्याला फाका म्हणतात, रोजा नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र एक शुक्र, म्हणजे कृतज्ञता, आणि दुसरा मातम.

आपल्या मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे मोहरम म्हटला की येतो तो ताजिया. त्यालाही इतिहास आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरला कायमची स्थिरावली १८१० मध्ये. त्या छावणीचंच पुढे 'लष्कर' झालं. त्याच्या आदल्याच वर्षी छावणीत असलेल्या टॉमस ब्रॉटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की ब्राह्मण नसलेले मराठे सरदार आपापल्या तंबूंपाशी ताजिये उभारत आणि त्यावर भरपूर पैसा खर्च करत. आपण मिरवणूक तेवढी पाहिली. रोजा घरात असतो, त्याला ढोल नाही, म्हणून तो नजरेतून सुटला.

नफल रोजे आणखीही आहेत. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यातले सहा सगळ्यांत हिशेबी: एका सत्कर्माचं फळ दसपट, म्हणून रमजानचे तीस आणि हे सहा मिळून छत्तीस, दहाने गुणले की तीनशे साठ, वर्षभराची बेगमी. मालिकी या आणखी एका विचारपंथाचे प्रवर्तक इमाम मालिक यांना मात्र ही जोडणी पसंत नव्हती. अजाण लोक हे सहाही रमजानचाच भाग समजू लागतील, अशी त्यांना धास्ती होती. शिवाय सोमवार आणि गुरुवार, आणि दर महिन्याच्या तेरा, चौदा, पंधरा या चांदण्या रात्रींचे दिवस. जिलहिज्जची नववी, अरफा, हा हजला न गेलेल्यांसाठी मोठा रोजा. खुद्द अरफातच्या मैदानात पैगंबरांनी लोकांना दिसेल असं दूध प्यायलं, म्हणजे हाजींनी उगाच ताण घेऊ नये. आणि दोन्ही ईदांना रोजा धरायला बंदीच. म्हणजे २०२३ च्या आषाढीला आमच्या घरी उपास होता आणि समोर उपास करणं वर्ज्य होतं.

अती करणाऱ्यांना लगामही जुनाच आहे. अब्दुल्ला बिन अम्र नावाचे तरुण सहाबी (पैगंबरांचे सोबती) रोज रोजा धरू पाहत होते. पैगंबरांनी त्यांना अडवलं: तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, बायकोचा आहे, पाहुण्याचा आहे. फार तर हजरत दाऊदांसारखा एक दिवसाआड धर. म्हातारपणी अब्दुल्ला म्हणत, तेव्हाची सवलत घेतली असती तर बरं झालं असतं. इथल्या सूफी संत मोहम्मद गौसांच्या मकबऱ्याच्या जाळीपाशी बसले की मला हे हमखास आठवतं, कारण गौसांनी चुनारच्या डोंगरात बारा-तेरा वर्षं झाडपाल्यावर काढली असं सांगतात. दोन्ही वाटा एकाच परंपरेतल्या.

आता वाटीकडे येते. नफल रोज्याची नियत सकाळी उशिराही करता येते, पहाटेपासून काही खाल्लेलं नसलं म्हणजे झालं. पैगंबर घरी विचारत, काही खायला आहे का? नाही म्हटलं की म्हणत, मग माझा रोजा. एकदा रोजा असताना खजूर आणि तुपाचा हैस कुणीतरी भेट पाठवला, तेव्हा त्यांनी तो खाऊन टाकला. शाफई म्हणतात, झालं, हिशेब संपला. हनफी म्हणतात, नफल असला तरी एकदा सुरू केलेला रोजा मोडलात तर त्याची कजा, म्हणजे बदली रोजा, भरावी लागेल. खाला हनफी, त्यामुळे आमच्या खिचडीला सव्वासातपर्यंत वाट पाहावी लागली.

अजान झाल्यावर वाटी परत आली, तळाशी सात खजूर. माझा उपास द्वादशीला सुटायचा होता, पण खजूर एकादशीला चालतो.