टेबल आधी हललं की हात?

प्लँचेटला बसलेल्या चौघांना विचारा, वाटी कोणी सरकवली? चौघंही शपथेवर सांगतील, ‘मी नाही, ती आपोआप गेली.’ यावर ‘कोणीतरी थापा मारतंय’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ही घाई वाटते. बहुतेकदा चौघंही मनापासून बोलत असतात, आणि तरीही वाटी त्यांच्याच बोटांनी सरकलेली असते.

हा गुंता १८५३ साली इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने सोडवला. तेव्हा इंग्लंडमध्ये टेबल फिरवण्याचं वेड पसरलं होतं. लोक गोलाकार बसून टेबलावर हात टेकवत, थोड्या वेळाने टेबल फिरू लागे. कोणी म्हणे आत्मे, कोणी म्हणे वीज. फॅरेडेने प्रयोगासाठी माणसं निवडली ती ज्यांच्या सचोटीबद्दल त्याला शंका नव्हती अशीच.

त्याने पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवले, मधे मऊ लुकणाच्या गोळ्या, आणि चळत किती सरकली ते कळावं म्हणून एक रेघ. टेबल स्वतःहून फिरलं, तर खालचा पुठ्ठा आधी सरकणार आणि वरचे मागे राहणार. हातांनी ढकललं, तर उलट. टेबल फिरल्यावर पाहिलं, तर वरचा पुठ्ठा सर्वांत पुढे गेलेला! मग त्याने हाताचा आडवा दाब दाखवणारा एक हलका काटा बसवला. काटा नजरेआड असेपर्यंत टेबल फिरे. तो डोळ्यांसमोर आला की तीच माणसं थकेपर्यंत बसून राहिली तरी टेबल जागचं हलेना. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो, कारण त्यात कोणाचाही अपमान नाही.

अपेक्षेमुळे स्नायू नकळत हलतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटरने १८५२ मध्ये याला ‘आयडिओमोटर’ क्रिया म्हटलं. हलवण्याचा निर्णय आपण घेतलेला नसतो, म्हणून हालचाल परकी वाटते.

याच गोष्टीने माणसं मेलीही आहेत. जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश माणसाने इराकला बॉम्बशोधक म्हणून मुठीवर फिरणाऱ्या अँटेना विकल्या. आत चालेल असं काहीच नव्हतं. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तो लबाड होता, पण नाक्यावरच्या शिपायाला अँटेना खरोखरच वळताना दिसत होती.

आपल्याकडचा पाणाड्या जमिनीतलं पाणी शोधायला दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांची काठी, धरतो तेव्हा ते ताणलेलं असतं. मनगट जरासं वळलं तरी काठी झपकन खाली जाते. त्याला खोटारडा ठरवायची गरज नाही. काठी वळली तिथे खूण करा. मग डोळ्यांवर पट्टी बांधून, चार चकरा मारून त्यालाच त्याच शेतात पुन्हा फिरवा, आणि काठी खुणेवर वळते का ते बघा. बोअरची गाडी त्यानंतर बोलवा.