होडी जिथे खांद्यावर घ्यावी लागली

उत्तर अमेरिकेच्या नकाशावर सेंट लॉरेन्स नदी आणि पंचमहासरोवरं पाहिली की वाटतं, अटलांटिकमधून होडी घातली तर थेट खंडाच्या पोटात पोचता येईल. बरंचसं खरंही आहे ते. फक्त पाणी अधूनमधून तुटतं, आणि वस्ती कुठे होणार हे त्या तुटण्याने ठरवलं. 1535 मध्ये फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए नदीतून वर आला आणि आज लाशीन म्हणतात त्या खळाळत्या, खडकाळ पाण्यापाशी अडला. 1642 मध्ये तिथेच मॉन्ट्रियल वसलं.

पुढचा प्रवास व्हायचा तो मूळ रहिवाशांनी घडवलेल्या भूर्जसालीच्या होड्यांतून. सीडरच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळांनी शिवलेली साल आणि शिवणीवर स्प्रूसची राळ. राळेत चरबी घालावी लागे. ती कमी पडली तर थंडीत राळ तडकायची, जास्त झाली तर उन्हात मऊ पडायची. मोठी होडी 11 मीटर लांब, सुमारे 3 टन माल नेणारी. पण काठाच्या दगडाला घासली तर साल फाटे. म्हणून माणसं आधी पाण्यात उतरत आणि तरंगत्या होडीतूनच सामान काढत.

पाणी तुटलं की होडी आणि माल अंगावर घेऊन चालायचं. या वाटेला पोर्टेज म्हणत. सुपीरियर सरोवराकाठचं ग्रँड पोर्टेज पिजन नदीचे धबधबे टाळण्यासाठी होतं. वाट जवळजवळ 14 किलोमीटरची, आणि एका खेपेला प्रत्येकी 41 किलोचे दोन गठ्ठे, कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यावर तोललेले! मोठ्या होड्या सरोवरातच थांबत. पलीकडे नदीत साडेसात मीटरच्या लहान होड्या लागत. माल एका होडीतून दुसरीत जाणार म्हटल्यावर गोदाम आलं, हिशेब आला, मुक्काम आला. वस्तीचं बीज या अदलाबदलीत असतं.

शिकागो हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. मिशिगन सरोवर आणि मिसिसिपीचं खोरं यांच्यामधला जलविभाजक, म्हणजे दोन बाजूंचं पाणी वेगळं करणारा उंचवटा, तिथे जेमतेम काही फूट उंच आहे, चालताना जाणवणारही नाही इतका. वसंतात मधली दलदल भरली की होडी वल्हवतच पलीकडे जाई. उन्हाळ्यात ती आटली की चिखल तुडवत ओढावी लागे. 1673 मध्ये या वाटेने परतलेल्या शोधक लुई जोलिएने इथे छोटा कालवा पुरेल असं सुचवलं. प्रत्यक्षात पलीकडची डेस प्लेन्स नदीही कोरड्या दिवसांत उथळ पडायची, त्यामुळे 1848 मध्ये खुला झालेला कालवा 154 किलोमीटरचा झाला. त्याच वर्षी रेल्वेही आली. 1840 मध्ये साडेचार हजार असलेली लोकसंख्या 1850 मध्ये तीस हजारांच्या घरात गेली.

रॉकी पर्वतात मात्र ही युक्ती संपली. 1805 मध्ये पॅसिफिककडे जाणारा जलमार्ग शोधायला निघालेले अमेरिकी शोधक लुईस आणि क्लार्क मिसुरी नदीच्या मोठ्या धबधब्यांपाशी पोचले. 29 किलोमीटरची वाट पार करायला जवळजवळ महिना गेला: होड्या ओढायच्या गाड्यांसाठी झाडाच्या खोडाची चाकं कापली, त्यांचे आस मोडत राहिले, निवडुंगाचे काटे मऊ चामड्याच्या पादत्राणांतून पायात घुसले. ऑगस्टमध्ये लुईस लेम्हाय खिंडीत चढला, तर पलीकडे पश्चिमेला वाहणारी सोयीची नदी नव्हती, पुन्हा बर्फाळ डोंगरच होते. होड्या मागे ठेवून त्यांनी शोशोनी लोकांकडून घोडे घेतले.