एकाला ऐकू आलं नाही म्हणजे चॅनल मोकळा नसतो

परवा गावाकडं एका पोरानं विचारलं, काका, टीव्हीच्या अँटेना गेल्या, मग त्या चॅनलच्या रिकाम्या जागेवर इंटरनेट का नाही सोडत? प्रश्न एकदम बरोबर. ह्याच विचारातून 1999 च्या सुमारास जोसेफ मिटोला यांनी कॉग्निटिव्ह रेडिओ मांडला, 2011 ला टीव्हीच्या रिकाम्या चॅनलवर इंटरनेट कसं द्यायचं याचं आयईईई 802.22 स्टँडर्डही आलं. मालक, म्हणजे टीव्ही केंद्र, नसेल तेव्हा चॅनल वापरायचा, तो आला की सोडायचा.

पण मालक आलाय हे कळणार कसं? संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळच्या टॉवरवरचं दूरदर्शन आठवा, डोंगराआडच्या घरात नुसत्या मुंग्या आणि पलीकडच्या वाडीत चित्र स्वच्छ. आता मुंग्यावाल्या घरातला रेडिओ म्हणाला चॅनल मोकळाय आणि बोलायला लागला, तर पलीकडच्याचा टीव्ही बिघडला ना!

म्हणून पाच ठिकाणी पाच रेडिओ ठेवून सगळ्यांना विचारायचं, मला तर हा हिशोब लई आवडतो. समजा एकेकटा रेडिओ 50 टक्के वेळाच सिग्नल पकडतो आणि नसताना 10 टक्के वेळा उगीच "आहे" म्हणतो. एकानं जरी "आहे" म्हटलं की मानायचं ठरवलं तर पकड 97 टक्क्यांवर जाते, पण खोटी ओरडही 41 टक्के होते, मग मोकळा चॅनलही बऱ्याच वेळा वापरायला मिळणार नाही. तिघांचं मत लागेल म्हटलं तर खोटी ओरड 1 टक्क्याच्या आत येते पण पकड परत 50 वरच. आणि दोघांचं पुरे म्हटलं तर पकड 81, खोटी ओरड 8, म्हणजे एकट्यापेक्षा दोन्ही बाजूंनी चांगलं! 802.22 ला पकड किमान 90 आणि खोटी ओरड फार तर 10 लागते, म्हणजे अजून कान वाढवावे लागतील.

टेस्टिंग करताना दोन्ही चुका मोजाव्याच लागतात. आपल्याकडं नारळ घेऊन पाणी दाखवणाऱ्याच्या लागलेल्या बोरची गोष्ट गावभर होते, कोरड्या गेलेल्या बोर कुणी मोजत नाही आणि त्यानं "नाही" म्हटलं तिथं तर कुणी खोदतच नाही. इथं सिग्नल जनरेटर, म्हणजे सिग्नल सोडणारं यंत्र, आपल्या हातात असतो, कधी चालू कधी बंद ते आपल्याला माहीत, हजारो वेळा करून पडताळायचं.

वरचा हिशोब पाचही रेडिओ एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरून आहे, एकाच टेकडीआड ठेवले तर पाचही सोबतच बहिरे होतात, म्हणून ते लांब लांब ठेवून बघावं लागतं. आणि नुसती ऊर्जा मोजणाऱ्या रेडिओला स्वतःची खरखर किती हे आधी माहीत पाहिजे, ती उन्हानं बदलते, त्यामुळं तोच डबा मे महिन्यात भर दुपारी पत्र्यावर ठेवून आणि पहाटेच्या गारव्यात, असा दोन्ही वेळेला तपासावा लागतो.