वाहतूक कोंडी सांगायची, पण कुणामुळे ते नाही : खासगी एफएमवरच्या ‘बातमी’ची पार्श्वभूमी

आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. तिथली शिस्त कागदावर चालायची. क्यूशीटवर, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम लिहिलेल्या कागदावर, असेल तेवढंच बोलायचं, कार्यक्रम उशिरा लागला तर लॉगबुकात नोंद. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूरला विविध भारतीवर जाहिराती वाजू लागल्या. कार्यक्रमांची संहिता कलमवार होती : मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्मावर वा समाजावर हल्ला नको, न्यायालयाचा अवमान नको, नाव घेऊन कुठल्या पक्षावर तोंडसुख नको. सरकारी माइकसाठी लिहिलेली ही संहिता पुढे खासगी केंद्रांच्याही गळ्यात पडली.

प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटलं. खासगी एफएमचे परवाने मात्र लिलावातून निघाले आणि त्यात एक अट आली : बातम्या आणि चालू घडामोडी नकोत. पुण्यातल्या आरजेंचा, म्हणजे रेडिओ निवेदकांचा, खरा घोळ इथे आहे. कारण बातमी म्हणजे काय, हे कुणीच धड सांगितलं नव्हतं. लक्ष्मी रोडला विसर्जन मिरवणुकीमुळे वाहतूक बंद, ही बातमी की माहिती? २०११ च्या धोरणात अखेर यादी आली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, प्रवेश, वीज-पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्तीचे इशारे हे सगळं ‘बातमी नाही’ असं ठरलं. आकाशवाणीचं बातमीपत्रही लावता येईल, पण एक अक्षर न बदलता.

यादीने काम सोपं झालं, असं वरच्या मजल्यावर वाटलं असेल. माइकपुढे तसं होत नाही. जुलैतली संध्याकाळ, मोबाइलवर मेसेज येतो की खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला. आरजे क्युसेकचा आकडा वाचतो, भिडे पूल पाण्याखाली गेल्याचं सांगतो, गाणं लावतो. इथवर सगळं यादीत बसतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. आधी कळवलं का नाही, असं रहिवासी विचारत होते. तो प्रश्न माइकवर घेतला की माहितीची ‘चालू घडामोड’ होते. अशा वेळी फोन करणाऱ्याला आरजे ‘काळजी घ्या’ म्हणतो आणि फेडर, म्हणजे आवाजाची कळ, खाली घेतो. याला भित्रेपणा म्हणणं सोपं आहे. परवाना मालकाचा, नोकरी आरजेची, आणि प्रसारित झालेल्या प्रत्येक शब्दाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचं, अशीही अट आहेच.

त्यामानाने पैसे घेऊन गप्पांच्या ओघात दुकानाचं नाव घेण्याकडे, म्हणजे ‘मेन्शन’कडे, कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. माझ्या मते श्रोत्याची फसवणूक तिथे जास्त होते.

जानेवारी २०१९ पासून आकाशवाणीची बातमीपत्रं खासगी केंद्रांना विनामूल्य मिळू लागली. ती हिंदी आणि इंग्रजी होती. एकतानगरीतल्या पाण्याचं काय, हे त्यांत सापडणार नव्हतं.