जास्वंद नेमकी किती करडी?

लाल जास्वंदीचा रंगीत फोटो झटकन ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या काळ्या-करड्या-पांढऱ्या छटांचा केला की फूल पानांत विरघळून जातं. असं का होतं ते आकड्यांत पाहू. समजा, ० ते २५५ च्या मापात पाकळीत लाल २००, हिरवा ३० आणि निळा ४० आहे, तर मागच्या पानात ६०, १०० आणि ४०. अनेक सॉफ्टवेअर लाल ३० टक्के, हिरवा ५९ आणि निळा ११ टक्के धरून करडी छटा काढतात. त्या हिशेबानं पाकळी येते ८२ आणि पान ८१. डोळ्याला फरक कळणार कसा?

हे सूत्र आलं टीव्हीतून. अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपणाचे निकष ठरले, तेव्हा घरोघरच्या कृष्णधवल संचांवरही ते चित्र नीट दिसायला हवं होतं. माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो, म्हणून त्याला सर्वाधिक वाटा मिळाला. चेहरे आणि देखावे त्यात छान निभावतात. फुलांचं मात्र नुकसान होतं.

त्याआधी कुठला रंग किती करडा, हे फोटो टिपणारी काचेची प्लेटच ठरवायची. एकोणिसाव्या शतकातल्या प्लेटला निळा आणि अतिनील प्रकाश तेवढा दिसे. गोकर्णासारखं निळं फूल जवळजवळ पांढरं उतरायचं, झेंडू काळवंडायचा आणि लाल फूल तर थेट काळं. १८७३ मध्ये बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांना आढळलं की इमल्शनमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या प्रकाश टिपणाऱ्या थरात, योग्य रंगद्रव्य मिसळलं तर प्लेटला हिरवा-पिवळाही दिसू लागतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध हाच. तरी लाल रंगाला प्लेट आंधळीच राहिली. डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा तो त्यामुळेच. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीनं बाजारात आणल्या.

मग निवड छायाचित्रकाराच्या हाती आली. लेन्सवर लाल फिल्टर लावला की जास्वंद उजळ आणि पानं गडद. हिरवा लावला की उलट. अट एकच, बटण दाबण्याआधीच हे ठरवायचं. अमेरिकन छायाचित्रकार इमोजेन कनिंगहॅम यांचं १९२५ चं मॅग्नोलियाचं छायाचित्र गाजलं. ते फूल पांढरं, त्यामुळे तिथे सगळा खेळ उजेड-सावलीचा.

फोटोशॉपमध्ये १९९८ साली चॅनेल मिक्सर आला, म्हणजे फोटोतल्या लाल, हिरव्या आणि निळ्या हिश्शांचं (चॅनेलचं) प्रमाण ठरवायची सोय, २००७ मध्ये सहा रंगांचे वेगवेगळे स्लायडर आले आणि तीच निवड फोटो काढून झाल्यावर करता येऊ लागली. वरच्याच जास्वंदीचा नुसता लाल चॅनेल घेतला तर २०० विरुद्ध ६०, हिरवा घेतला तर ३० विरुद्ध १००. बहुतेक जण लाल स्लायडर वर ढकलतात, कारण फूल लगेच उठून दिसतं. पण भर उन्हातल्या लाल फुलात हा चॅनेल आधीच काठोकाठ भरलेला असतो, त्यामुळे पाकळी सपाट होते. शिरा आणि चुण्या टिकतात त्या हिरव्या चॅनेलमध्ये. म्हणून जास्वंद गडद ठेवावी आणि पानं उजळावीत, असं मी आग्रहानं सांगेन. निळ्याला मात्र जपून हात लावावा. लाल पाकळीत तो इतका थोडा असतो की ताणला की आधी नॉइजच, म्हणजे दाणेदार खरखरच वर येते.